शेजारच्या दारावर पडलेली थाप: फेनफ्लुरामीन, हृदयाच्या झडपा आणि २बी रिसेप्टर

ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात २४ स्त्रियांची हकीकत छापून आली. मेयो क्लिनिक आणि नॉर्थ डकोटामधल्या फार्गो इथल्या डॉक्टरांनी ती लिहिली होती. या सगळ्या जणी वजन कमी करण्यासाठी फेनफ्लुरामीन आणि फेंटरमीन ही जोडगोळी घेत होत्या, सरासरी वर्षभर. आधी हृदयाचा काही आजार नव्हता, आणि आता झडपा गळत होत्या. आठ जणींच्या फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाबही वाढला होता. लेख छापून येईपर्यंत पाच जणींवर शस्त्रक्रिया करावी लागली होती.

शस्त्रक्रियेत काढलेल्या झडपा पाहणाऱ्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. झडप पांढरी, चकचकीत. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर झडपेचे मूळ पदर जसेच्या तसे, कुठे फाटलेले नाहीत, कुजलेले नाहीत. फक्त वरून कुणीतरी मेणाचा जाड लेप चढवावा तसा पेशींचा आणि चिकट द्रव्याचा थर, झडपेच्या पाकळ्यांवर आणि त्यांना ओढून धरणाऱ्या दोऱ्यांवरही. पाकळी जाड झाली, आखडली, नीट मिटेना, म्हणून रक्त उलटं गळू लागलं.

हे चित्र नवं नव्हतं. कार्सिनॉइड नावाच्या गाठी असणाऱ्या रुग्णांत असाच लेप दिसायचा आणि त्या गाठी सेरोटोनिन (पेशींपेशींत निरोप नेणारं रसायन) ओततात हे माहीत होतं. अर्धशिशीवर अर्गोटामीन किंवा मेथिसर्जाइड वर्षानुवर्षं घेणाऱ्यांतही तो दिसला होता. म्हणजे तीन वेगळ्या वाटांनी तोच लेप. तिन्ही वाटा सेरोटोनिनपाशी येऊन मिळत होत्या, पण नेमक्या कुठल्या दारापाशी, ते १९९७ मध्ये ठामपणे कुणालाच सांगता येत नव्हतं.

सेरोटोनिनवर काम करणारं औषध रचायला बसणाऱ्या प्रत्येकाने आधी हे प्रकरण वाचावं असं मला वाटतं. आपल्याला औषध कुठे लागू पडायला हवं हे सगळे पहिल्या दिवशी ठरवतात. ते कुठे लागू पडता कामा नये, हे बहुतेक वेळा रुग्णांकडून कळतं.

चौदा दारं

सेरोटोनिन १९४८ मध्ये क्लीव्हलंडमध्ये रॅपपोर्ट, ग्रीन आणि पेज यांनी रक्तातून वेगळं केलं, तेव्हा त्यांना त्यात रस होता तो रक्तवाहिन्या आवळणारं द्रव्य म्हणून. मेंदूशी त्याचं नातं नंतर, १९५३ मध्ये बेटी ट्वारोग यांनी दाखवलं. आजही लोक त्याला ‘आनंदाचं रसायन’ म्हणतात, पण शरीरातलं बहुतांश सेरोटोनिन आतड्यात असतं. रक्तात जे येतं ते बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, टिपून घेतात. झडपेच्या पेशींना एरवी मोकळं सेरोटोनिन फारसं भेटतच नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा.

या एकाच रेणूसाठी शरीरात रिसेप्टरचे, म्हणजे त्याचा निरोप घेणाऱ्या प्रथिनांचे, चौदा प्रकार आहेत, सात घराण्यांत विभागलेले. त्यातलं तिसरं घराणं आयनांची वाट उघडणारं; बाकी सगळी पेशीच्या आत जी-प्रथिनांकडे निरोप धाडणारी. आपल्या प्रकरणातलं घराणं दुसरं, आणि त्यातली तीन भावंडं: २ए, २बी, २सी.

२सी मेंदूत असतं. ते जागं केलं की भूक कमी होते. २एसुद्धा मेंदूत, ते जागं केलं की एलएसडीसारखे भास होऊ शकतात. २बी मेंदूत कमी, पण हृदयाच्या झडपेत आणि फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांत ठळक. सेरोटोनिन जिथे जाऊन बसतं त्या खाचेतली बहुतेक अमिनो आम्लं तिन्ही भावंडांत सारखीच. रेणूतला धनभारित नायट्रोजन तिन्हींत एकाच अॅस्पार्टिक आम्लाला जाऊन धरतो. एका दाराची किल्ली केली की ती शेजारच्या दारालाही लागते, ती अशी.

गंमत अशी की २बी रिसेप्टर नजरेआड नव्हताच. १९५७ मध्ये जॉन व्हेन यांनी उंदराच्या जठराच्या वरच्या भागाची पट्टी कापून तिच्या आकुंचनावरून सेरोटोनिन मोजायची पद्धत दिली होती. पुढे कित्येक प्रयोगशाळांनी ती पट्टी टांगून मोजमापं केली. त्या पट्टीला आखडवणारा रिसेप्टर २बीच होता. त्याचा जनुक हाती आला तो १९९२ च्या सुमारास, म्हणजे फेनफ्लुरामीन अमेरिकेत विकायला परवानगी मिळून (१९७३) जवळजवळ वीस वर्षांनी. काखेत कळसा होता, पण त्याला कळसा म्हणतात हेच माहीत नव्हतं.

गोळी एक, काम करणारा दुसराच

फेनफ्लुरामीन २० वर्षं बऱ्यापैकी दुर्लक्षित राहिलं. १९९२ मध्ये रोचेस्टर विद्यापीठातल्या मायकेल वाइनट्रॉब यांनी १२१ रुग्णांवरचा अभ्यास छापला आणि फेंटरमीनबरोबर कमी डोसमध्ये दिल्यास वजन चांगलं उतरतं असं दाखवलं. त्यानंतर ‘फेन-फेन’ची लाट आली. १९९६ च्या एप्रिलमध्ये फेनफ्लुरामीनच्या आरशातल्या प्रतिमांसारख्या दोन जुळ्यांपैकी उजव्याला, डेक्सफेनफ्लुरामीनला, स्वतंत्र परवानगी मिळाली. १५ सप्टेंबर १९९७ ला दोन्ही बाजारातून गेली. तोवर लक्षणं नसलेल्या २९१ जणांच्या हृदयाच्या इको (ध्वनिलहरींनी होणाऱ्या) तपासण्या अमेरिकेच्या औषध नियामकाकडे, एफडीएकडे, आल्या होत्या आणि त्यातल्या सुमारे तीस टक्क्यांत काहीतरी बिघाड दिसत होता.

पहिला संशय सरळ होता. फेनफ्लुरामीन चेतापेशींतून सेरोटोनिन बाहेर ढकलतं. तेच वाढलेलं सेरोटोनिन झडपांवर लेप चढवत असणार, कार्सिनॉइडमध्ये होतं तसं. ऐकायला पटतं. पण एक तपशील खटकत होता. कार्सिनॉइडमध्ये मुख्यतः हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा बिघडतात, कारण पुढे फुफ्फुसं सेरोटोनिन मोडून टाकतात आणि डाव्या बाजूला ते पोहोचतच नाही. फेन-फेनमध्ये डाव्या बाजूच्या झडपाही गळत होत्या, आणि बहुधा त्याच जास्त. गुन्हेगार फुफ्फुसांतून न मोडता पार होणारा कुणीतरी हवा होता.

उत्तर २००० साली आलं. ब्रायन रॉथ, रिचर्ड रॉथमन आणि सहकाऱ्यांनी, आणि त्याच वर्षी औषध उद्योगातल्या आणखी एका गटाने, जवळपास एकच प्रयोग वेगवेगळा केला. झडपा बिघडवणारी औषधं एका बाजूला ठेवली. सेरोटोनिनशी संबंध असूनही झडपांना धक्का न लावणारी दुसऱ्या बाजूला. मग एकेका रिसेप्टरवर सगळ्यांची चाचणी घेतली. पहिल्या रांगेतल्यांना जोडणारा एकच धागा निघाला: ती स्वतः, किंवा शरीरात त्यांच्यापासून बनणारं रूप, २बीला जोरात जागं करत होतं.

‘शरीरात बनणारं रूप’ हे शब्द इथे कळीचे आहेत. फेनफ्लुरामीनच्या नायट्रोजनवर एक इथिल गट लटकलेला असतो. यकृत तो तोडून टाकतं आणि उरतं नॉरफेनफ्लुरामीन. २बीवर मूळ औषध तितकंसं जोरदार नाही. हे सोललेलं रूप मात्र आहे. मेथिसर्जाइडचंही तसंच: त्याचा एक मिथिल गट गेला की मेथिलअर्गोनोविन बनतं, आणि २बीवरचा खरा धनी ते. गोळीवर छापलेला रेणू तपासून जो निवांत झोपला त्याने चुकीच्या माणसाची झडती घेतली.

फ्रान्समध्ये हाच धडा जास्त महागात पडला. बेनफ्लुओरेक्स हे औषध तिथे १९७६ पासून ‘मेडिएटर’ नावाने विकलं जात होतं. कागदोपत्री मधुमेह असलेल्या स्थूल रुग्णांसाठी, व्यवहारात बारीक होण्यासाठीही. शरीरात त्याच्यापासूनही नॉरफेनफ्लुरामीनच बनतं. फेनफ्लुरामीन १९९७ मध्ये गेलं, बेनफ्लुओरेक्स मात्र २००९ पर्यंत राहिलं. ब्रेस्टमधल्या फुफ्फुसतज्ज्ञ इरेन फ्राशों यांनी आपल्या रुग्णांच्या झडपांचा पिच्छा पुरवला नसता तर आणखीही राहिलं असतं. सुमारे पन्नास लाख लोकांनी ते घेतलं होतं. मार्च २०२१ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने उत्पादक सर्व्हिए कंपनीला फसवणूक आणि सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कागदावर नायट्रोजनवरचा गट तोडून दाखवता येतो, हे आठवलं की या निकालाचं वाचन सोपं जात नाही.

टाळं आणि किल्ली

२बीला नुसतं चिकटणं हा गुन्हा नाही. जागं करणं हा आहे. रिसेप्टर जागा झाला की आत वाढीचे संदेश सुटतात, झडपेतल्या एरवी शांत असणाऱ्या पेशी विभागू लागतात आणि त्यांच्याभोवती चिकट साखर-प्रथिनांचा पसारा साचतो. हे एका गोळीने होत नाही. महिनोन्महिने रोज दार ठोठावलं तर होतं.

याचा पडताळा पार्किन्सनच्या औषधांनी दिला. पर्गोलाइड आणि कॅबर्गोलिन ही अर्गट (धान्यावरची एक बुरशी) कुळातली औषधं डोपामिनसाठी दिली जात, पण २बीलाही जागं करत. २००७ मध्ये इटलीतल्या झानेत्तिनी आणि सहकाऱ्यांनी लक्षणीय गळती मोजली: पर्गोलाइड घेणाऱ्यांत २३.४ टक्के, कॅबर्गोलिन घेणाऱ्यांत २८.६ टक्के, अर्गट कुळाबाहेरची औषधं घेणाऱ्यांत शून्य. पर्गोलाइड त्याच वर्षी अमेरिकेतून गेलं. पण लिसुराइडसुद्धा अर्गट कुळातलंच, त्याच्या नावावर ही गळती नाही. कारण २बीवर ते किल्ली नसून टाळं आहे: बसतं, पण दार उघडत नाही. कुळ बघून औषधाला शिक्षा करणाऱ्यांसाठी याहून चांगला दाखला नाही.

लॉर्कासेरिनचा हिशेब

आता या प्रकरणातला माझा आवडता भाग. कोणता रिसेप्टर टाळायचा हे ठाऊक झाल्यावर सॅन डिएगोच्या अरीना या कंपनीने २सी जागं करणारं, २बीला मात्र झोपू देणारं औषध रचलं. लॉर्कासेरिन अगदी लहान रेणू आहे: ११ कार्बन, १४ हायड्रोजन, एक क्लोरीन, एक नायट्रोजन. फेनफ्लुरामीनमध्ये बेंझीनच्या कड्यापासून नायट्रोजनपर्यंत जाणारी साखळी मोकळी असते, वळते, वाकते. लॉर्कासेरिनमध्ये ती साखळी परत बेंझीनला बांधून सात जणांचं कडं केलं आहे. साखळी हलायची थांबली की रेणूला कमी पोझ घेता येतात आणि शेजारच्या दाराशी जुळायची शक्यता घटते. वर, नायट्रोजनवर यकृताने तोडावं असं काही लटकलेलंच नाही.

पेशींवरच्या चाचणीत अर्धा परिणाम दिसायला लागणारी मात्रा अशी आली: २सीवर ९ नॅनोमोलर (तीव्रतेचं एकक; आकडा जितका लहान तितका रिसेप्टर लवकर जागा होतो), २एवर १६८, २बीवर ९४३. म्हणजे २बीपेक्षा २सीला शंभर पटींहून अधिक पसंती. सभागृहात हा आकडा दाखवला की टाळ्या पडतात. पण कागद-पेन्सिल घेऊन बसा. साध्या वक्राप्रमाणे, रिसेप्टरभोवती १०० नॅनोमोलर औषध असेल असं धरलं तर २सी सुमारे ९२ टक्के जागा होतो आणि २बी दहा टक्क्यांच्या आत. छान. आता वजन हवं तितकं उतरत नाही म्हणून मात्रा दहापट केली, असं समजा. २सी ९२ वरून ९९ वर जातो, म्हणजे जेमतेम सात टक्क्यांची कमाई. २बी मात्र दहावरून थेट पन्नासच्या वर. हव्या त्या दारापाशी पदरात काही पडत नाही आणि नको त्या दाराची कडी निघते. ‘शंभरपट निवडक’ हे विशेषण औषधाचं नाही, औषध आणि मात्रा यांच्या जोडीचं आहे. (विद्यार्थ्यांना मी हा हिशेब हाताने करायला लावतो. संगणकावर केला तर विसरतात.)

म्हणून मात्रा दिवसातून दोनदा १० मिलिग्रॅमवर थांबली. ३,१८२ जणांच्या मोठ्या चाचणीत वर्षभरात औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी ५.८ किलोने उतरलं, औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांचं २.२ किलोने. वर्षअखेर २,४७२ जणांच्या हृदयाचा इको झाला, दोन वर्षांनी १,१२७ जणांचा. झडपांचं दुखणं वाढलेलं दिसलं नाही. २०१० मध्ये एफडीएने तरीही नकार दिला, मुख्यतः उंदरांत दिसलेल्या गाठींमुळे. २०१२ च्या जूनमध्ये होकार मिळाला. पुढे १२,००० जणांवर सुमारे सव्वातीन वर्षं लक्ष ठेवलेल्या चाचणीतही हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत. रचनाकारांनी जे टाळायचं ठरवलं होतं ते त्यांनी खरोखर टाळलं होतं.

आणि त्याच १२,००० जणांच्या माहितीतून दुसरंच काहीतरी वर आलं. कर्करोगाचं निदान: औषध घेणाऱ्यांत ४६२ जण, ७.७ टक्के, न घेणाऱ्यांत ४२३ जण, ७.१ टक्के. फरक लहान, कारण अस्पष्ट. पण पाच किलोच्या आतबाहेर वजन उतरवण्यासाठी घ्यायच्या औषधाला एवढा फरकही जड झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये एफडीएच्या सांगण्यावरून लॉर्कासेरिन मागे घेतलं गेलं. हा निर्णय मला योग्य वाटतो, पण रचनेचं अपयश म्हणून लॉर्कासेरिन शिकवणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्या परीक्षेसाठी तो रेणू घडवला होता ती तो उत्तीर्ण झाला. नापास झाला तो न छापलेल्या प्रश्नावर.

जुनं औषध, नवा ताजवा

लॉर्कासेरिन गेल्यानंतर साधारण चार महिन्यांनी, २५ जून २०२० ला, एफडीएने ज्या औषधाला परवानगी दिली त्याचं नाव होतं फेनफ्लुरामीन. तेच. नॉरफेनफ्लुरामीन बनवणारं, २बीवर ठोकणारं.

आजार मात्र वेगळा. ड्राव्हे सिंड्रोम हा बाळपणी सुरू होणारा, औषधांना दाद न देणारा अपस्माराचा प्रकार. बहुतेक मुलांत एससीएन१ए या जनुकात बिघाड असतो. बेल्जियममध्ये फेनफ्लुरामीन बाजारातून गेल्यावरही काही मुलांना ते देत राहण्याची खास सरकारी मुभा होती, कारण त्यांच्या झटक्यांवर ते चालत होतं. सेउलेमान्स आणि लागाए यांनी २०१२ मध्ये अशा १२ मुलांचा अनेक वर्षांचा आढावा छापला. आढाव्याच्या वेळी त्यातली सात जण वर्षभर झटक्यांशिवाय होती. ज्यांच्या घरात दिवसाला अनेक झटके मोजले जातात त्यांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

नंतरच्या चाचणीत दिवसाला किलोमागे ०.७ मिलिग्रॅम मात्रेने झटके औषध नसलेल्या नकली डोसच्या तुलनेत ६२.३ टक्क्यांनी जास्त घटले. कमाल मात्रा दिवसाला २६ मिलिग्रॅम. वजनासाठी एके काळी ६० पासून १२० पर्यंत दिली जायची. वरच्या हिशेबाकडे पुन्हा पाहा: मात्रा खाली आणली की २बीवरची थापही हलकी होते. शिवाय २०२० च्या परवानगीत अट होती: औषध सुरू करण्याआधी इको, मग दर सहा महिन्यांनी इको, बंद केल्यावरही एक. चाचण्यांमध्ये झडपांचा आजार एकाही मुलात आढळला नाही. रेणू एका अणूनेही बदलला नव्हता. बदलली होती मात्रा, पहारा आणि तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे ते.

अरीनाच्याच वारशातून निघालेलं बेक्सिकासेरिन आता याच प्रकारच्या अपस्मारांसाठी चाचण्यांत आहे. २सी जागं करायचं, २बी आणि २एला हातही लावायचा नाही, असा त्याचा दावा. लॉर्कासेरिनच्या शंभरपटीवर जिथे हिशेब अडत होता, तिथून पुढचं पाऊल.

आज टेबलावर

आता २बीची चाचणी सेरोटोनिनवरच्या औषधांच्या वाटेत अगदी सुरुवातीला असते. २०१३ मध्ये अर्गोटामीन बसलेल्या २बीची स्फटिकरचना हाती आली, २०१७ मध्ये एलएसडी बसलेली. दुसऱ्या रचनेत रिसेप्टरच्या तोंडाशी प्रथिनाची एक घडी झाकणासारखी आत वळलेली दिसते. एलएसडी आत गेल्यावर लवकर बाहेर का पडत नाही, याचं उत्तर त्या झाकणात आहे. पसंतीचा आकडा एवढाच पुरे नाही, रेणू आत किती वेळ बसतो हेही धरावं लागतं, हे तेव्हापासून जास्त लोक म्हणू लागले.

आणि नवी गर्दी झाली आहे ती २एच्या दारापाशी, नैराश्यावरच्या औषधांसाठी. मशरूममधला सायलोसिन २बीलाही चांगला धरतो. एखाददुसरा डोस देऊन थांबायचं असेल तर झडपांना लेप चढायला वेळच मिळत नाही. पण जे लोक भास होऊ नयेत इतकी बारीक मात्रा दिवसाआड, महिनोन्महिने घेतात, त्यांचा नमुना फेन-फेनच्या जवळ जातो. २०२२ मध्ये शॉइकेट, रॉथ आणि एलमन यांच्या गटांनी संगणकावर साडेसात कोटी काल्पनिक रेणू २एच्या खाचेत बसवून पाहिले आणि त्यातले १७ प्रत्यक्षात बनवले. चारांनी काही हालचाल दाखवली, कुणी २एवर, कुणी २बीवर. पुढे घासूनपुसून २एला जागं करणारे, उंदरांत भासांची लक्षणं न दाखवणारे दोन रेणू हाती आले. साडेसात कोटींतून चाळून काढलेल्या पहिल्या मूठभर रेणूंतही २बी आपला हिस्सा मागायला हजर होताच.